मापाची वही

यवतमाळच्या सोनोग्राफीवाल्यानं
पडद्यावरचा काळा ढग थांबवला,
दोन फुल्या मारल्या,
मधून ठिपक्यांची रेघ ओढली
आणि पोरीला म्हणाला, लिही, अठरा बाय अकरा.
मला वाटलं, हा तर माझाच धंदा.

पाण्याची गाठ आहे, बहुतेक.
आत थोडं गढूळ दिसतंय.
घाबरायचं कारण नाही, बहुतेक.
तीन महिन्यांनी परत दाखवा.

दारव्ह्यापर्यंत मी तो शब्द मांडीवर घेऊन बसले,
पाकिटासकट,
खिडकीतून झळ लागू नये म्हणून वर पदर धरून.
कंडक्टर म्हणाला, अर्धं तिकीट का?

माझ्या वहीत अख्ख्या गावाची छाती आहे.
गोहण्यांची सून चौतीस, बाळंतपणानंतर अडतीस.
सरपंचीणबाई चाळीस, पण सांगतात छत्तीस;
मी बोलत नाही, आतून दोन बोटं कापड जास्त सोडते.
अंगावर पिणारं लेकरू असलं, तर हुक पुढून.
टेप फिरताना बायका श्वास धरून ठेवतात.
सोडा, म्हणते मी, नाही तर घरी जाऊन उसवाल.

रात्री हात आपोआप जातो.
कुलरच्या घरघरीआड चाचपते:
आहे का, तिथेच आहे का,
काल तुरीच्या दाण्याएवढी होती, आज बोराएवढी का लागते?
तेच ते विचारलं की बोटंही खोटं बोलायला लागतात.
काय शोधतेस, नवरा कूस बदलत म्हणाला.
सुई, म्हटलं.

पंचफुला ठमके चार वर्षांपूर्वी आली होती,
दुकान मिटायच्या वेळेला.
दार लोटून म्हणाली, डाव्या अंगानं टेप नको लावू.
वहीत तिच्या नावापुढं आकड्याच्या जागी नुसती रेघ आहे.
मी तिला खोळ शिवून दिली.
आधी सरकी काढलेला कापूस भरला, तर हलका पडला,
चालताना एक खांदा वर जायचा.
मग पावशेर मोहरी घातली. वजन बसलं.
तिनं अंग हलवून बघितलं, तर आतून खुळखुळ.
आम्ही दोघी हसलो, हसलो,
मग माझ्या मशीनवर डोकं टेकून ती बराच वेळ काही बोलली नाही.
त्यानंतर त्या गोष्टीचं नावही कोणी काढलं नाही.

तिच्याकडेच गेले शेवटी.
अंगणात बाजेवर लुगडं अंथरून मूगवड्या घालत होती.
पाकीट पुढं केलं.
मले कायले दाखवतं? मले इंग्रजी येत नाई.
अन् तुही गाठ वेगळी, माही वेगळी.
माहीचं नाव सांगतलं होतं त्याइनं.
तुहीचं बारसं व्हायचं हाय अजून.
मंग मी काय करू, म्हटलं.
वड्या घाल.
तीन महिने?
तीन महिने वड्या कोन घालते वं बाई? आज घाल.

मी घातल्या. वाकड्या आल्या.
तिनं न बघता विचारलं, दिवसातून किती खेपा हात जाते तिकडं?
मोजलं नाही.
मोज. अन् मंग महिन्यातून एकडाव पाय,
पाळी सरल्यावर, ठरवून.
बाकीचे दिवस हाताले दुसरं काम दे.
अन् तारीख चुकवू नको. मी चुकवली होती.
हे शेवटचं ती वडीला म्हणाली, मला नाही.

वहीच्या मागच्या पानावर मी माझं नाव लिहिलं,
पुढं अठरा बाय अकरा.
खाली आषाढातली तारीख,
आणि दुसऱ्या मापासाठी जागा कोरी.
नवऱ्यालाही सांगितलं, सुई नव्हती म्हणून.
तो उठून पाणी प्यायला,
मलाही आणून दिलं, न मागता.

अखाजीच्या लग्नांचे सतरा ब्लाउज पडलेत.
लाईट गेलेली, पायानं मशीन ओढते.
आज नवरी मुलगी आली मापाला,
टेप लावला तशी श्वास धरून उभी.
सोड, म्हटलं.
आणि कोणाला म्हटलं, ते मलाच कळलं नाही.

हात अजून जातो.
परवा एकोणीस वेळा. काल अकरा.
आज सकाळपासून चार,
पण हुक लावायचे बाकी आहेत,
आणि दिवसही.